छंदाच्या सीएनसी यंत्रासाठी मोशन कंट्रोलर: आधी आकडेमोड, मग निवड, मग जोडणी

सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञांवर कटर चालवून लाकूड वगैरे कापणारे यंत्र) स्वतः बांधायला घेणारे बरेच जण सर्वांत आधी कंट्रोलरचा बोर्ड विकत घेतात, आणि मग उरलेले यंत्र त्या बोर्डाच्या मर्यादांत बसवण्याची धडपड करतात. क्रम याच्या उलट असायला हवा. मोशन कंट्रोलरचे काम तसे थोडक्यात सांगता येते: जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला दिलेल्या हालचालीच्या आज्ञांच्या, ओळी वाचायच्या, कोणत्या क्षणी कोणता अक्ष किती सरकला पाहिजे याचे गणित करायचे, आणि त्या गणिताचे उत्तर विजेच्या पल्सच्या रूपाने मोटर ड्रायव्हरकडे पाठवायचे. ड्रायव्हरला एक पल्स मिळाला की मोटर एक स्टेप फिरते. म्हणून कंट्रोलर निवडताना खरे प्रश्न दोनच असतात. आपल्या यंत्राला सेकंदाला किती पल्स लागतील, आणि ते पल्स ड्रायव्हरपर्यंत जसेच्या तसे पोहोचतील का? पहिल्याचे उत्तर कागदावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर जोडणीत मिळते, आणि बहुतेकांचा वेळ तिथेच जातो.

पल्सचे गणित

नेहमीची स्टेपर मोटर एका स्टेपला १.८ अंश फिरते, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप घेते. ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप ठेवले, म्हणजे प्रत्येक स्टेपचे ८ बारीक भाग केले, तर एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात. मोटरला ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू थेट जोडलेला असेल, तर १ मिमी सरकण्यासाठी ३२० पल्स हवेत. आता या अक्षाने मिनिटाला ५,००० मिमी वेगाने धावावे अशी आपली अपेक्षा असेल, तर तो वेग सेकंदाला सुमारे ८३.३ मिमी होतो आणि कंट्रोलरने सेकंदाला साधारण २६,७०० पल्स दिले पाहिजेत. २० दातांच्या पुलीवर २ मिमी पिचचा पट्टा असेल, तर एका फेऱ्यात ४० मिमी अंतर जाते. त्यामुळे मिमीला ४० पल्स पुरतात, आणि मिनिटाला १०,००० मिमी वेगालाही सेकंदाला ६,७०० पल्स पुरेसे होतात.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहावी. ‘जास्त मायक्रोस्टेप म्हणजे जास्त अचूकता’ अशा समजुतीने कोणी ३२ मायक्रोस्टेप आणि ४ मिमी लीडचा स्क्रू अशी जोडी जमवली, तर मिमीला १,६०० पल्स लागतात. सेकंदाला ३०,००० पल्स देऊ शकणारा कंट्रोलर अशा यंत्राला मिनिटाला ११२५ मिमीपेक्षा जास्त वेग देऊच शकत नाही. शिवाय हातात काही पडत नाही, कारण मायक्रोस्टेप जितका बारीक, तितकी एका मायक्रोस्टेपमागची ताकद कमी, आणि घर्षण व कटरवरचा भार मिळून ती बारीक हालचाल गिळून टाकतात. मायक्रोस्टेपमुळे मोटर गुळगुळीत आणि कमी आवाजात फिरते, हा त्याचा खरा उपयोग आहे. त्यासाठी ८ किंवा १० पुरेसे होतात.

प्रत्येक अक्षासाठी हा आकडा काढून कागदावर लिहावा आणि त्याच्या किमान दीडपट क्षमतेचा कंट्रोलर शोधावा. त्याच कागदावर यंत्राच्या बाकीच्या गरजा लिहाव्यात: अक्ष किती, गॅन्ट्रीला (कटर वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाला) दोन बाजूंनी दोन मोटर आहेत का, लिमिट स्विच (अक्षाचे टोक ओळखणारे) किती, टूलची उंची मोजणारा प्रोब हवा का, स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या मोटरचा) वेग प्रोग्रॅममधून बदलायचा आहे का, पुढे चौथा फिरता अक्ष लावायचा विचार आहे का. एवढी यादी हाती असली की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

पर्यायांची छाननी

२००९ साली सुरू झालेले जीआरबीएल हे मुक्त फर्मवेअर अर्डुइनो उनोवरच्या ८-बिट चिपवर चालते आणि तीन अक्ष सांभाळत दर अक्षाला सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सपर्यंत साथ देते. वर काढलेले बॉलस्क्रूचे उदाहरण या मर्यादेच्या अगदी काठावर येते, तर पट्ट्याचे यंत्र आरामात बसते. इतक्या छोट्या चिपवर इतके नेटके काम करून घेणारे फर्मवेअर विरळाच. पण आज नवा बोर्ड घ्यायचा असेल, तर त्याच परंपरेतले ३२-बिट फर्मवेअर घ्यावे असे माझे मत आहे. जीआरबीएल-हाल अनेक प्रकारच्या ३२-बिट चिपवर चालते. फ्लुइड-एनसी ईएसपी३२ या चिपवर चालते, आणि त्यात यंत्राची सगळी रचना एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवता येते. दोन्हींत तीनपेक्षा जास्त अक्ष मिळतात, गॅन्ट्रीच्या दोन मोटरींना स्वतंत्र स्विच देऊन होमिंगच्या वेळी (यंत्र स्विच शोधून आपली मूळ जागा ठरवते तेव्हा) गॅन्ट्री काटकोनात आणता येते, आणि योग्य बोर्ड असल्यास मेमरी कार्डवरून जॉब चालवता येतो.

या सर्वांत पल्स बोर्डावरच तयार होतात आणि संगणक फक्त जी-कोडच्या ओळी पुरवतो. त्यामुळे संगणक क्षणभर अडखळला, तरी चालू असलेली हालचाल बिघडत नाही. जुन्या पद्धतीत तसे नव्हते. माक-३ हे विंडोजवरचे कंट्रोल सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टवरून चालवताना खुद्द संगणकच पल्स देतो, आणि त्यासाठी ३२-बिट विंडोज लागते. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग सतत बदलणारे लॅपटॉप या कामाला चालत नाहीत. जुना डेस्कटॉप आणि जुने यंत्र आधीच चालू असेल तर ते मोडू नये. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे कारण आता उरलेले नाही.

लिनक्स-सीएनसी हे संगणकावर चालणारे कंट्रोल सॉफ्टवेअर ही वेगळी चीज आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील एका प्रकल्पातून ते वाढले, आणि रिअल-टाइम लिनक्सवर चालते. स्पिंडलच्या एन्कोडरशी (फिरणे मोजणाऱ्या सेन्सरशी) मेळ राखून आटे पाडणे, सर्व्हो मोटरींचा फीडबॅक वाचणे, तिरक्या अक्षांची भूमिती सांभाळणे अशी कामे असतील, तर त्याला छंदाच्या पातळीवर तोड नाही. पॅरलल पोर्टवरून चालवायचे असेल, तर त्यासोबत येणारी लेटन्सी-चाचणी (संगणकाला प्रतिसादात किती उशीर होतो ते मोजणारी) किमान तासभर चालू ठेवावी. त्या वेळात संगणकावर व्हिडिओ लावावा, मोठ्या फाइली इकडून तिकडे कराव्यात, आणि मगच सर्वांत वाईट आकडा खरा मानावा. मेसा या कंपनीचे इथरनेट कार्ड लावले, तर पल्स कार्डावरच्या एफपीजीए या चिपमध्ये बनतात आणि ही काळजी बरीच कमी होते. लेथवर आटे पाडायचे असतील तर थेट इकडे यावे. लाकूड आणि ॲक्रिलिक कापणाऱ्या तीन अक्षांच्या राउटरला याची गरज नाही.

संगणकाशिवाय, पेनड्राइव्हवरून चालणारे पडदा-बटणांचे स्वतंत्र कंट्रोलरही मिळतात. ते धुळीत टिकतात आणि यूएसबी केबलची कटकट त्यांना नसते. मात्र त्यांतले फर्मवेअर बंदिस्त असल्यामुळे निर्मात्याने जे दिले नाही, ते मिळत नाही.

ड्रायव्हरशी सूर जुळवताना

बोर्डावर टोचून बसणारे छोटे ड्रायव्हर लहान मोटरींना चालतात. नेमा २३ आकाराच्या मोटरींना मात्र डीएम५४२ या जातीचे वेगळ्या डब्यातले ड्रायव्हर घ्यावेत. त्यांच्या स्टेप, डायरेक्शन आणि एनेबल या तिन्ही इनपुटवर ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोहोचवणारा भाग) असतो, आणि तो किती व्होल्टवर नीट चालू होतो हे आधी पाहावे लागते. इनपुट ५ व्होल्टचे आणि कंट्रोलरचा पल्स ३.३ व्होल्टचा असेल, तर टेबलावर मोटर फिरते आणि यंत्र गरम झाल्यावर स्टेप गाळते. हे फार फसवे असते. म्हणून बोर्डावर ५ व्होल्टचे बफर (सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप) आहे याची खात्री करावी किंवा ते वेगळे लावावे. उलट, ५ व्होल्टच्या इनपुटला २४ व्होल्ट दिले तर ऑप्टोकपलर जळतो. माहितीपत्रकात सांगितलेला रेझिस्टर मालिकेत लावल्याशिवाय ती जोडणी करू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. डीएम५४२ जातीच्या ड्रायव्हरला साधारण २.५ मायक्रोसेकंदांचा पल्स पुरतो. पण दिशेचा सिग्नल मात्र स्टेपच्या सुमारे ५ मायक्रोसेकंद आधी स्थिर झालेला हवा असतो. ड्रायव्हर पल्सच्या ज्या कडेवर स्टेप मोजतो, ती कड दिशाबदलाच्या क्षणाला चिकटून आली, तर पहिली स्टेप जुन्याच दिशेला पडते. दोन्ही बाजूंच्या दिशाबदलांना ही चूक सारखी झाली असती, तर बेरीज-वजाबाकी होऊन शून्य उरले असते. पण ऑप्टोकपलरला चालू व्हायला आणि बंद व्हायला सारखाच वेळ लागत नाही, त्यामुळे चूक एकाच बाजूला होते आणि साठत जाते.

माझ्या पहिल्या राउटरवर झेड अक्षाने मला याच कारणाने दोन आठवडे नाचवले. एकामागून एक भोके पाडताना प्रत्येक पुढचे भोक किंचित खोल जाई. मी कपलिंग आवळले, नट बदलला, मोटरचा करंट वाढवला, आणि काहीही फरक पडला नाही. शेवटी हिशेब मांडला. एक स्टेप चुकीच्या दिशेला पडली म्हणजे दोन स्टेपचा फरक, मिमीला ३२० पल्स धरले तर तो ०.००६२५ मिमी, आणि अशा १६० वर-खाली फेऱ्यांनंतर बरोबर १ मिमी. चूक फेऱ्यांच्या संख्येशी बांधलेली निघाली. कापण्याचा भार कितीही असो, तिच्यात फरक पडत नव्हता. जीआरबीएलमध्ये स्टेप पल्स उलटा करण्याची $२ ही सेटिंग बदलल्यावर चूक थांबली. ३२-बिट फर्मवेअरमध्ये दिशा आणि स्टेप यांच्यामधले अंतर मायक्रोसेकंदांत थेट लिहिता येते, तो उपाय अधिक स्वच्छ आहे.

जोडणीचा क्रम

सर्व तारा एकदम जोडून वीज चालू करण्याचा मोह टाळावा. कंट्रोलरला आधी एकट्याला यूएसबीवर चालू करावे, फर्मवेअर चढवावे, आणि डॉलरची दोन चिन्हे टाइप करून मिळणारी सेटिंगची यादी फाइलमध्ये जपून ठेवावी. पुढे काही बिघडले, तर परत येण्याची जागा तीच.

त्यानंतर, कोणतीही मोटर जोडण्याआधी, आपत्कालीन स्टॉपचे बटण बसवावे. हे बटण कंट्रोलरच्या एखाद्या इनपुटला जोडून समाधान मानू नये, कारण कंट्रोलर गोंधळलेला असतानाच त्याची गरज पडते. बटणाने कॉन्टॅक्टर (मोठी वीज तोडणारा विद्युत-चुंबकी स्विच) सोडला पाहिजे, आणि कॉन्टॅक्टरने मोटर ड्रायव्हर व स्पिंडल या दोघांचीही वीज तोडली पाहिजे. कंट्रोलरची स्वतःची वीज चालू राहिली तरी चालेल. त्याला फक्त बटण दाबल्याची खबर जावी, म्हणजे तो पुढच्या ओळी पाठवत बसणार नाही.

आता एक ड्रायव्हर आणि एक मोटर टेबलावर घ्यावी. ड्रायव्हरवरचा करंट मोटरच्या पाटीवरच्या आकड्याप्रमाणे ठेवावा, आणि शाफ्टला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावावा. ५ मिमी लीडसाठी ३२० पल्स भरले असतील, तर ५ मिमीच्या आज्ञेला झेंडा बरोबर एक फेरा घेऊन मूळ जागी आला पाहिजे. दहा फेऱ्यांची आज्ञा दिली, तरीही तो तिथेच थांबला पाहिजे. अर्धा किंवा दुप्पट फेरा झाला, तर मायक्रोस्टेपचे छोटे स्विच आणि सेटिंग यांचा मेळ नाही. ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार कधीही ओढू नये. कॉइलमधील साठलेल्या ऊर्जेने ड्रायव्हर जागच्या जागी मरतो.

अर्डुइनो उनोवर बसणारा तीन अक्षांचा शील्ड (जोड-बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून स्पिंडलचा वेग ११ क्रमांकाच्या पिनवर आणि झेडची लिमिट १२ क्रमांकाच्या पिनवर आली, पण कित्येक शील्डवरची छापील अक्षरे जुनीच आहेत. झेडचा स्विच छापील जागी लावला तर होमिंग होत नाही. तो ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या जागी लावावा.

लिमिट स्विच नेहमी बंद राहणाऱ्या संपर्कावर जोडावेत, म्हणजे तार तुटली तर यंत्र थांबेल. नेहमी उघड्या संपर्कावर तुटलेली तार आपटल्याशिवाय कळत नाही. नेहमी बंद संपर्कासाठी जीआरबीएलमध्ये $५ ही सेटिंग उलटी करावी लागते. स्विचच्या तारा मोटरच्या आणि स्पिंडलच्या तारांपासून दूर न्याव्यात, आणि शील्डेड केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) कंट्रोलरच्या एकाच टोकाला अर्थ करावे. स्पिंडल चालू करताच कोणी न शिवलेला लिमिट अलार्म वाजला, तर तो गोंगाट आहे. पुष्कळ जण तेव्हा $२६ हा आकडा वाढवतात, पण ती सेटिंग फक्त होमिंगच्या वेळी लागू होते. उपाय तारांत करावा लागतो: स्विचच्या इनपुटवर छोटे रेझिस्टर-कपॅसिटर गाळणे किंवा ऑप्टोकपलर लावावा, आणि व्हीएफडीपासून (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या पेटीपासून) स्पिंडलपर्यंतची केबल शील्डेड घ्यावी. व्हीएफडीतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही मिनिटे भरलेले राहतात, तेव्हा झाकण उघडण्याची घाई करू नये.

आकडे भरणे

मिमीला किती पल्स हे $१००, $१०१ आणि $१०२ मध्ये जाते. इथे गणिताने आलेला आकडाच भरावा. व्हर्नियरने ५० मिमी मोजून ४९.९ आले म्हणून आकडा ‘सुधारण्याची’ पद्धत सर्रास दिसते, पण त्या फरकात स्क्रूची चूक क्वचितच असते. मोजण्यातील तिरकेपणा आणि नटमधील ढिलेपणा त्यात जास्त असतो. चुकीचा आकडा मग ५०० मिमीच्या कामात दहापट होऊन उभा राहतो. पट्ट्याच्या यंत्रावर मात्र, पट्टा ताणला जात असल्यामुळे, शक्य तितके लांब अंतर मोजून दुरुस्ती करणे योग्य ठरते: जुना आकडा गुणिले मागितलेले अंतर, भागिले मिळालेले अंतर.

दिशा ठरवताना कटर कामाच्या संदर्भात कुठे सरकतो ते पाहावे. टेबल सरकणाऱ्या यंत्रात एक्सच्या धन दिशेला टेबल डावीकडे गेले पाहिजे, कारण तेव्हा कटर कामावर उजवीकडे जातो. उलट फिरणारा अक्ष $३ मधून सुलटा करावा. त्यात एक्सला १, वायला २ आणि झेडला ४ मोजून बेरीज भरायची असते. $१ मध्ये २५५ भरल्यास थांबलेल्या मोटरीही पकड सोडत नाहीत. झेड अक्ष वजनाने खाली घसरू नये म्हणून हे आवश्यक आहे.

कमाल वेग आणि प्रवेग हे एकाच वेळी वाढवू नयेत. प्रवेग सेकंदाच्या वर्गाला ५० मिमी असा कमी ठेवून वेग ५०० च्या टप्प्यांनी वाढवत जावा. मोटर किंचाळून थांबली की तो आकडा टिपावा आणि त्याच्या ७० टक्क्यांवर परत यावे. मग त्या वेगावर प्रवेग तसाच वाढवून तसाच कमी करावा. स्टेपर मोटरची ताकद वेगाबरोबर घटते, आणि ती टिकवण्यासाठी ड्रायव्हरच्या मर्यादेत राहून पॉवर सप्लायचे व्होल्टेज वाढवणे हा करंट वाढवण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. शेवटी अक्षाला डायल गेज टेकवून शून्य करावे, अक्ष शेकडो वेळा पुढे-मागे पळवावा आणि परत आणावा. काटा त्याच जागी आला, तर आकडे पक्के.

त्यानंतर होमिंग. $२२ चालू करावे, आणि पहिल्या वेळी बोट स्टॉपच्या बटणावर ठेवून शोधाचा वेग मुद्दाम कमी ठेवावा. जीआरबीएल आधी झेड वर नेते, मग एक्स आणि वाय. अक्ष स्विचपासून दूर पळाला, तर $२३ बदलावे. ९ क्रमांकाचा अलार्म म्हणजे स्विच सापडला नाही; ८ क्रमांकाचा म्हणजे मागे सरकूनही स्विच सुटला नाही, तेव्हा $२७ मधील अंतर वाढवावे. होमिंगनंतर यंत्राचे आकडे ऋण दिसतात, यात बिघाड काहीच नाही. कामाचे शून्य त्यावर वेगळे बसते. होमिंग भरवशाचे झाले की $१३० ते $१३२ मध्ये खरी फिरत भरून $२० ने सॉफ्ट लिमिट (फर्मवेअरने पाळायची हद्द) चालू करावी.

स्पिंडलसाठी $३० मध्ये भरलेला कमाल वेग व्हीएफडीच्या १० व्होल्टच्या वेगाशी जुळला पाहिजे, नाहीतर १२,००० मागितल्यावर भलताच वेग मिळतो. $३२ ही लेझरची सेटिंग राउटरवर बंदच हवी. ती चालू असेल, तर वेग बदलताना यंत्र थांबत नाही आणि कटर पुरेसा फिरण्याआधीच लाकडात शिरतो.

पहिला जॉब कटरने करू नये. स्पिंडलच्या जागी स्प्रिंगवर दबलेले पेन लावून ३०० मिमीचा चौकोन आणि त्यात एक वर्तुळ काढावे. चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील, तर गॅन्ट्री काटकोनात नाही. वर्तुळ जिथे अक्षाची दिशा उलटते त्या चार ठिकाणी चपटे किंवा पायरीसारखे दिसले, तर तो बॅकलॅश (दिशा उलटताना जाणवणारा ढिलेपणा) आहे. मूळ जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढण्याची सोय नाही, तेव्हा पान्हा घेऊन नट आणि बेअरिंगच्या ब्लॉककडे वळावे, आणि वर्तुळ पुन्हा काढावे.